मुठेल ते इंजेक्शन : मुंबई उपनगरांतील त्वचा आणि सांध्यांच्या औषधांचा इतिहास

हायलुरॉनिक ॲसिड हा माणसाच्या शरीरात सतत घडणारा आणि सतत मोडला जाणारा पदार्थ आहे. सत्तर किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या अंगात तो सुमारे १५ ग्रॅम असतो. त्यातला जवळजवळ एक तृतीयांश रोज नष्ट होतो आणि तेवढाच नव्याने तयार होतो. निम्म्याच्या आसपास साठा त्वचेत असतो; उरलेला सांध्यांतील द्रवात, कूर्चेत, डोळ्यातील पारदर्शक गरात आणि इतर ऊतींत विखुरलेला असतो. रासायनिकदृष्ट्या ही साखरेच्या जातीच्या दोन घटकांची लांबच लांब साखळी आहे. ग्लुक्युरॉनिक ॲसिड आणि ॲसिटिल ग्लुकोसअमाइन यांची जोडी तिच्यात हजारो वेळा येते. साखळी पाण्यात पसरली की पाणी धरून ठेवते. त्वचेच्या आतल्या थरात यामुळे भरीवपणा राहतो, तर सांध्यात हाच पदार्थ वंगण आणि गादी अशी दोन्ही कामे करतो.

मुंबईच्या उपनगरांत हे नाव गिऱ्हाइकांच्या तोंडी आले ते अलीकडे. त्वचेचा ओलावा आणि सांध्यांचा सुटेपणा राखण्याचा धंदा मात्र या भागात बराच जुना आहे. अंधेरी, गोरेगाव, विक्रोळी, घाटकोपर आणि मुलुंड इथल्या कारखान्यांनी व प्रयोगशाळांनी देशभर पोचलेली मलमे, साबण आणि वेदनाशामके दिली. या सगळ्या काळात मूळ पदार्थ शरीरात आपले काम करत होता आणि बाजार त्याच्याभोवती फिरत होता.

घरगुती उपाय सर्वांत आधीचे. कोकणातून गिरण्यांत आणि पुढे उपनगरांतल्या कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांच्या सामानात मुठेल असे. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की चरबी वर तरंगते. ती थंड होताना मुठीत दाबून तिचे गोळे करतात. हा फिकट, टणक गोळा विस्तवाजवळ धरून टाचेच्या भेगांत चोळला की मऊ पडतो आणि भेगेवर थर धरतो. हा थर त्वचेला पाणी देत नाही, आतले पाणी उडून जाऊ देत नाही. खोबरेल, तिळाचे तेल, साय यांचेही काम मुख्यतः असेच चालते. दिवाळीच्या पहाटे उटण्याआधी अंगाला तेल लावण्याच्या रिवाजामागे थंडीच्या तोंडावर त्वचा सांभाळण्याचा अनुभव आहे, आणि तो अनुभव खरा आहे.

सांध्यांचा विचार आयुर्वेदाने वेगळ्या भाषेत केला होता. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात कफाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी श्लेषक कफ सांध्यांत राहतो आणि त्यांना बांधून, स्निग्ध ठेवतो. ही कल्पना म्हणजे हायलुरॉनिक ॲसिडचा शोध असे म्हणणे चूक ठरेल, कारण कफ ही एक संकल्पना आहे आणि रेणू ही वस्तू. पण सांध्याला आतून ओलसर, बुळबुळीत काहीतरी लागते आणि ते कमी झाले की वात बळावतो हे निरीक्षण वैद्यांनी नेमके टिपले होते. संधिवातावर महारास्नादी काढा, गुग्गुळाचे कल्प आणि औषधी तेले देण्याची प्रथा त्यातूनच आली. ही औषधे घरच्या खलातून बाटलीत आणणाऱ्यांमध्ये सांडू ब्रदर्स ही मराठी पेढी आघाडीवर होती. १८९९ साली सुरू झालेला हा व्यवसाय पुढे चेंबूरला स्थिरावला. तिथल्या रस्त्याला आज द. कृ. सांडू यांचे नाव आहे. अमृतांजन बामची सुरुवातही १८९३ साली मुंबईतच झाली, के. नागेश्वर राव पंतुलू यांनी तो धंदा नंतर मद्रासला नेला.

त्वचेच्या बाजूने पहिला मोठा बदल साबणाने घडवला. तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून साबण होताना ग्लिसरीन सुटते. ग्लिसरीन हवेतले आणि त्वचेच्या खोल थरांतले पाणी ओढून वरच्या थरात धरते. आज हायलुरॉनिक ॲसिडच्या बाटलीवर जो गुण छापलेला असतो, तोच हा. पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ मध्ये विक्रोळीची जमीन घेतली आणि पुढे घाटकोपरच्या शेजारच्या या वसाहतीत साबण, फॅटी ॲसिड आणि ग्लिसरीन यांचे मोठे उत्पादन सुरू झाले. थंडीत ग्लिसरीन-गुलाबपाणी लावणाऱ्या घरांना हे ठाऊक नव्हते की ते साबणाचे जोडउत्पादन आहे. पण स्वस्त, टिकाऊ आणि खरोखर उपयोगी पडणारे ओलावाधारक द्रव्य सर्वसामान्यांच्या हाती आले ते या उद्योगामुळे. त्वचेच्या आरोग्यासाठी उपनगरांनी केलेल्या कामात ग्लिसरीनचा मान पहिला मानावा लागेल.

क्रीमचा इतिहास मात्र रंगाच्या नादाने भरकटला. १९१९ मध्ये मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी अफगाण स्नो बाजारात आणला. स्नो किंवा व्हॅनिशिंग क्रीम हे स्टिअरिक ॲसिडचे पाण्यातले मिश्रण असते; चोळले की दिसेनासे होते आणि चेहऱ्यावर पातळ, मंद झळाळीचा थर सोडते. १९६७ मध्ये हिंदुस्तान लिव्हरचे संशोधन केंद्र सुरू झाले, आणि अंधेरीतील चकाला हा त्याचा पत्ता पुढे देशभर ओळखीचा झाला. तेलांच्या आणि साबणांच्या रसायनशास्त्रावर या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी चांगले काम केले. पण तिचे लोकांना सर्वांत ठाऊक झालेले फळ म्हणजे १९७० च्या दशकातील फेअर अँड लव्हली, नियासिनामाइड हे ब-३ जीवनसत्त्व वापरलेले क्रीम. नियासिनामाइड त्वचेचा बाह्य थर बळकट करते, ओलावा टिकवायला मदत करते. जाहिरातीत मात्र ते गोरेपणाचे साधन झाले. एका उपयुक्त द्रव्याची ओळख देशाला वर्णाच्या न्यूनगंडातून करून दिली गेली, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ काढण्यात आला.

फेअर अँड लव्हली आली त्याच सुमारास एका मराठी कंपनीने क्रीमच्या व्याख्येवरच न्यायालयात लढा दिला. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये परळला विको सुरू केली होती. हळद आणि चंदनतेलाचे विको टर्मरिक क्रीम १९७५ मध्ये आले. हे सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, या प्रश्नावर अबकारी खात्याशी १९७८ पासून वाद चालला, कारण दोन्हींवरचा कर वेगळा होता. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००४ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. त्वचेवरच्या क्रीममध्ये सजावट किती आणि उपचार किती, हा प्रश्न आजच्या सीरमपुढेही तसाच उभा आहे.

मुलुंडची गोष्ट बृहन्मुंबईच्या विस्ताराशी जोडलेली आहे. १९५० मध्ये महापालिकेची हद्द अंधेरी-घाटकोपरपर्यंत गेली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या, दोन्ही बाजूंना जमीन होती, पाणी आणि वीज होती, शेजारी मध्य रेल्वे. जॉन्सन अँड जॉन्सनची भारतीय कंपनी १९५७ मध्ये नोंदली गेली आणि १९५९ मध्ये मुलुंडच्या कारखान्यातून बेबी पावडर निघू लागली. तान्ह्या बाळाच्या त्वचेला घडीत साचणाऱ्या घामापासून जपण्यासाठी पावडर आणि कोरडेपणापासून जपण्यासाठी खनिज तेल, अशी नवी जोडी मध्यमवर्गीय घरात आली. आजीच्या हातचे खोबरेल आणि डाळीचे पीठ तरीही टिकून राहिले.

सांधेदुखीवरच्या औषधांचा उद्योग याच आग्रा रोडवर आणि पलीकडच्या पश्चिम रेल्वेच्या कडेने वाढला. घाटकोपरला जेफ्री मॅनर्सचा कारखाना होता. ॲनासिन ही तिची सर्वांत प्रसिद्ध गोळी. गोरेगावला स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने संशोधन केंद्र उभारले आणि मार्च १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून आलेले टी. आर. गोविंदाचारी तिथे संचालक होते. परदेशी कंपनीने भारतात मूलभूत औषधसंशोधन करावे ही गोष्ट तेव्हा नवीनच होती. मुलुंडला होक्स्टचे संशोधन केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले. तिथल्या शास्त्रज्ञांनी भारतीय वनस्पतींची पद्धतशीर चाचणी करताना, गुजरातेत लोणच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कोलियसच्या मुळांतून १९७४ मध्ये फोर्स्कोलिन वेगळे केले. पेशींतील संदेशवहन तपासण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा आजही ते वापरतात. मुलुंडच्या नावावर असलेला हा शोध मुलुंडकरांनाही फारसा ठाऊक नाही, आणि तो ठाऊक असायला हवा. १९९८ मध्ये हे केंद्र निकोलस पिरामलकडे गेले.

सिबा पुढे गायगीशी एक झाली. गायगीच्या बाझेलमधल्या शास्त्रज्ञांनी घडवलेले डायक्लोफिनॅक १९७४ मध्ये प्रथम जपानात विकले गेले आणि भारतात व्होवेरान या नावाने घराघरांत पोचले. प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याची वाट अडवून ही गोळी सूज आणि ठणका कमी करते. स्थानकांचे जिने चढून-उतरून गुडघे झिजवणाऱ्या उपनगरी नोकरदाराला तिने दिलासा दिला यात शंका नाही. तिची किंमत मात्र पोट आणि मूत्रपिंडे मोजतात. गुरांना हेच औषध दिल्यामुळे मेलेल्या जनावरांवर जगणारी गिधाडे देशभरात जवळजवळ संपली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. सांध्यातला घटलेला चिकट द्रव मात्र अशा गोळीने परत येत नाही.

तो द्रव म्हणजे काय, हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात उलगडले. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईगुरांच्या डोळ्यांतील गरातून हायलुरॉनिक ॲसिड वेगळे केले. १९३९ मध्ये मायर यांनी सहकाऱ्यांसह तेच सांध्याच्या द्रवातही दाखवले. साखळीची नेमकी रचना १९५४ मध्ये निश्चित झाली.

सांध्यात हा पदार्थ आहे की नाही हे डॉक्टर अनेक वर्षे डोळ्यांनीच पाहत आले. गुडघ्याच्या वाटीच्या बाहेरच्या कडेने सुई आत घालून पिचकारीत द्रव ओढला जातो. निरोगी सांध्याचा द्रव थोडाच असतो, फिकट पिवळा आणि स्वच्छ. पिचकारीच्या टोकातून थेंब हळूच सोडला की तो तुटत नाही, पाकाची तार यावी तसा लांब ओघळतो. ही तार हायलुरॉनिक ॲसिडच्या लांब साखळ्यांमुळे येते. संधिवाताने किंवा जंतुसंसर्गाने सांधा सुजला की साखळ्या तुटतात, द्रव पातळ होतो आणि थेंब पाण्यासारखे टपटप पडतात. वयाबरोबर गुडघा झिजतो तेव्हाही या द्रवाची दाटी कमी होते, पण त्या सुजेइतकी नाही.

बाहेरून हा पदार्थ भरून काढण्याचा विचार हंगेरीत जन्मलेल्या एन्द्रे बलाझ यांनी चिकाटीने मांडला. कोंबड्याच्या तुऱ्यातून शुद्ध हायलुरॉनिक ॲसिड काढण्याची रीत त्यांनी विकसित केली. १९७० च्या सुमारास ते शर्यतीच्या घोड्यांच्या दुखऱ्या सांध्यांत टोचून पाहिले गेले. माणसासाठी त्याचा पहिला मोठा उपयोग डोळ्याच्या शस्त्रक्रियेत झाला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हिलॉन या औषधाला मान्यता मिळाली. मोतीबिंदू काढताना डोळ्याचा पुढचा कप्पा फुगवून ठेवण्यासाठी आणि बुबुळाच्या आतल्या नाजूक पेशी वाचवण्यासाठी ते वापरले जाते. भारतात खर्चामुळे बहुतेक शल्यचिकित्सकांनी सेल्युलोजपासून केलेला स्वस्त पर्याय निवडला आणि त्यावर लाखो डोळे उघडले. गुडघ्यातली इंजेक्शने इटली आणि जपानमध्ये १९८७ मध्ये आणि अमेरिकेत १९९७ मध्ये आली. यादरम्यान कोंबड्याच्या तुऱ्याची जागा स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जीवाणूंच्या किण्वनाने घेतली. जीवाणू आपल्या कवचासाठी हुबेहूब हाच रेणू बनवतो. त्यामुळे उत्पादन स्वस्त झाले आणि प्राण्यांच्या अंशामुळे येणाऱ्या ॲलर्जीची भीतीही कमी झाली.

भारतात सांध्यावरच्या संशोधनाने दरम्यान आपला रस्ता धरला होता. साळई हे सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर वाढणारे झाड. त्याचा डिंक वैद्य शल्लकी म्हणून वापरत आले. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात या डिंकाचा दाहशामक गुण प्रयोगांनी दाखवला आणि अंधेरीच्या गुफिक कंपनीने सल्लकी गोळ्या बाजारात आणल्या. विलेपार्ल्याच्या कस्तुरबा हेल्थ सोसायटीच्या संशोधन केंद्रात डॉ. अशोक वैद्य यांनी उलट्या दिशेच्या औषधशास्त्राचा आग्रह धरला. रुग्णांना आधीच दिल्या जाणाऱ्या औषधाकडून प्रयोगशाळेकडे जायचे, अशी ही पद्धत. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या (सीएसआयआर) राष्ट्रीय प्रकल्पात ते, पुण्याचे भूषण पटवर्धन आणि संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा एकत्र आले. गुळवेल, सुंठ, आवळा आणि साळई यांवर आधारलेल्या औषधांची तुलना ग्लुकोसअमाइन आणि सेलेकॉक्सिब यांच्याशी ४४० रुग्णांवर केली गेली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गुडघेदुखीवरील परिणाम तुल्यबळ आढळला. काही रुग्णांत यकृताच्या एका चाचणीचे आकडे वाढलेलेही नोंदवले गेले.

या प्रकल्पाच्या परिघात पुण्याच्या भारती विद्यापीठात व्हेनिल सुमंत्रन आणि सहकाऱ्यांनी झिजलेल्या गुडघ्यांच्या कूर्चेचे तुकडे प्रयोगशाळेत जिवंत ठेवून काम केले. २००८ मध्ये त्यांनी दाखवले की आवळ्याची पूड हायलुरॉनिडेज आणि कोलॅजिनेज या विकरांना आवरते. हायलुरॉनिडेज हेच हायलुरॉनिक ॲसिड तोडणारे विकर. परीक्षानळीतला निष्कर्ष माणसाच्या गुडघ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही बाहेरून भरण्याऐवजी आतले नष्ट होणे थांबवावे, ही दिशा महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळेतून मांडली गेली याला महत्त्व आहे.

हेच विकर मुंबईच्या डॉक्टरांना दुसऱ्या एका दुखण्यामुळे परिचित होते. १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळ्याच्या आणि गालाच्या आतील त्वचा ताठरण्याच्या आजाराचे वर्णन केले. सुपारीच्या सवयीने होणाऱ्या या आजारात तोंड हळूहळू उघडेनासे होते. हायलुरॉनिडेज स्टिरॉइडसह गालात टोचून ताठरपणा सैल करण्याचा उपचार पुढे रूढ झाला. आज त्वचेचे डॉक्टर हे औषध वेगळ्याच कारणासाठी हाताशी ठेवतात.

ते कारण म्हणजे फिलर. हायलुरॉनिक ॲसिडच्या साखळ्या एकमेकींना रसायनाने जोडल्या की जेल होते आणि ते काही महिने टिकते. ओठांत, गालांत, डोळ्यांखाली ते टोचले जाते. रेस्टिलेन युरोपात १९९६ मध्ये आणि अमेरिकेत २००३ मध्ये आले. उपनगरांत याच वर्षांत चित्र पालटत होते. १९८० पासून आग्रा रोडवरचे आणि अंधेरीतले कारखाने एकामागून एक बंद पडत किंवा मुंबईबाहेर जात होते. जमिनीवर मॉल आणि टॉवर उभे राहत होते. औषधकंपन्यांची कार्यालये अंधेरी-गोरेगावला राहिली, भट्ट्या आणि पिंपे गेली. लोखंडवाला, बोरिवली, घाटकोपर पूर्व, मुलुंड पश्चिम इथे त्वचेची क्लिनिके आली, २००९ मध्ये अंधेरीला कोकिलाबेन रुग्णालय सुरू झाले आणि गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रिया उपनगरातच होऊ लागल्या. फिलरचा धोका जाहिरातीत दिसत नाही. जेल चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. अशा वेळी हायलुरॉनिडेज तत्काळ टोचून ते विरघळवावे लागते. म्हणून हे काम ब्युटी पार्लरचे नव्हे, ज्याच्याकडे हे विकर आहे आणि ते वापरण्याचे शिक्षण आहे अशा डॉक्टरचे आहे.

गुडघ्याच्या इंजेक्शनांबद्दलचा पुरावा काळाबरोबर कमकुवत झाला. अमेरिकेच्या अस्थिशल्यचिकित्सक संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यांची शिफारस नाकारली. २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने १६९ चाचण्यांचा आढावा छापला. वेदना थोडी कमी होते, पण रुग्णाला जाणवावी इतकी नाही, आणि गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते, असे त्यात दिसले. पन्नाशीतल्या रुग्णाला तरीही हे इंजेक्शन सुचवले जाते, कारण शस्त्रक्रियेचे भय मोठे असते. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन उतरवणे यांना अधिक भक्कम आधार आहे. फिजिओथेरपिस्टकडे त्यासाठीच्या पट्ट्या, वाळूच्या पिशव्या आणि पायऱ्या असतात, आणि उपनगरातल्या गल्ल्यांत तो आता जवळ सापडतो.

त्वचेवर लावायच्या सीरमचे गणितही रेणूच्या आकारावर ठरते. त्वचेचा वरचा थर पाचशे डाल्टनपेक्षा मोठा रेणू सहसा आत सोडत नाही, आणि हायलुरॉनिक ॲसिडची साखळी लक्षावधी डाल्टनची असू शकते. म्हणजे सीरम बहुतेक वरच राहते आणि तिथेच पाणी धरते. आतल्या थरातल्या साठ्यात त्यातून भर पडत नाही. पावसाळी हवेत हे काम सोपे असते. वातानुकूलित कार्यालयात हवा कोरडी असल्याने सीरम ओल्या चेहऱ्यावर लावून वर क्रीमचा थर द्यावा लागतो. तो थर काय करतो हे मुठेल लावणाऱ्या हातांना आधीच माहीत होते.

बाजारात मात्र हे नाव वेगाने मोठे झाले. २०१० च्या सुमारास मुख्यालयही चकाल्याला हलवलेल्या हिंदुस्तान युनिलिव्हरने, म्हणजे पूर्वीच्या हिंदुस्तान लिव्हरने, जानेवारी २०२५ मध्ये जयपूरच्या मिनिमलिस्ट या सीरमकंपनीचे ९०.५ टक्के भाग घेण्याची घोषणा केली. या बाटल्यांत लागणारी पावडर जगभरात मुख्यतः किण्वनाने तयार होते आणि तिच्या उत्पादनात चीनच्या शांतुंग प्रांताचा मोठा वाटा आहे.